मुठीच्या तळाचा नंबर

११ ऑक्टोबर

जॅनेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे कचऱ्यात टाकायच्या आधी एवढं एकच वाक्य वाच: मला त्या रिव्हॉल्वरचा नंबर हवा आहे.

पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. पण तू माझी मुलगी आहेस, म्हणजे वाचशीलच, आणि दातओठ खात वाचशील.

मार्चमध्ये तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी तू मला म्हणालीस, "बाबा, ती रिव्हॉल्वर कुठं आहे ते कळेपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही. माझ्या पोरीला, टेसलाही ठेवू देणार नाही." आणि गाडीत बसून थेट मिनेसोटाला निघून गेलीस. इकडे घर माणसांनी भरलं होतं. चर्चच्या बायकांनी आणलेल्या भांड्यांनी ओटा झाकून गेला होता आणि जो तो विचारत होता, जॅनेल कुठंय. मी सांगत होतो, लांबचा रस्ता आहे, उजेडात निघाली. व्हर्नाच्या दफनाच्या दिवशी मला खोटं बोलायला लावलंस याचा राग मला आजही आहे. पण आता घरात कुणी नाही, रागावून बसलो तरी कुणाला दिसणार.

तुझी बाजू मला पाठ आहे. सहा वर्षांपूर्वी तुझ्या भावानं, गॅरेटनं स्वतःचा जीव घेतला तो माझ्या रिव्हॉल्वरनं. शेरीफच्या कचेरीनं चौकशी झाल्यावर ती परत दिली. मला जाववेना, म्हणून तू गेलीस, पावतीवर सही केलीस, घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "ही मोडून टाका." मी मोडली नाही. त्याच रविवारी जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या बाजारात नेऊन विकली. तू विचारलंस कुणाला, मी म्हणालो एका माणसाला. कोण माणूस? मी म्हणालो, मी नाव विचारलं नाही.

नसतंच विचारत, जॅनेल. आमच्याकडे दोन शेजाऱ्यांनी आपसात बंदूक विकली तर कागद करा असं कुणी म्हणत नाही, मिसूरीत तसा कायदाही नाही. माझ्या बापानं केला नाही, मी केला नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, आणि केलेला कागद आज ना उद्या सरकारच्या हाती पडतो. हे तुला पटत नाही, मला ठाऊक आहे. मी पटवायला बसलेलो नाही.

मी ती शोधायला निघालोय. शोधून परत घेईन आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे कापून टाकीन. नंबर मुठीच्या तळाशी असतो, पण मी तो कधी लिहून ठेवला नव्हता. जगात फक्त तुझ्या त्या पावतीवर आहे. तेवढा कळव.

तुझा बाप


२० ऑक्टोबर

जॅनेल,

कार्ड मिळालं. पुढं तळ्याचं चित्र, मागं नंबर. 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. पोस्टमन मला विचारत होता हे लॉटरीचं आहे का.

फ्रिजवर लावलंय. आता खरं सांगतो. तो नंबर मला ती ओळखायला लागणार नाही. नंबर बघून बंदूक ओळखणं हे पोलिसांचं काम. मी तिला हातात घेतली की ओळखीन. अक्रोडाची मूठ, डाव्या अंगाला टवका उडालेला. गॅरेट लहान असताना त्याच्या हातून नदीच्या दगडांवर पडली होती. त्यानं आठवडाभर मला सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर मी ओरडलो होतो, हेही तुला आठवत असेल. नंबर मागितला तो तू काहीतरी लिहावंस म्हणून. तू आकडे लिहिलेस. ठीक आहे.

आज बाजारात गेलो. मला त्या माणसाचं एवढंच आठवत होतं की हिरवी पिकअप आणि एका हाताचा अंगठा अर्धा. भांड्यांच्या दुकानावरच्या बाईला विचारलं तर म्हणाली, "अर्धा अंगठा? तो स्कीटर." स्कीटर म्हणजे डास. मी म्हटलं, खरं नाव? ती म्हणाली, "त्याच्या आईला ठाऊक असेल, पण ती गेली."

डास मला जनावरांच्या पिंजऱ्यांपाशी सापडला. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी तू माझ्याकडून रिव्हॉल्वर घेतलीस. त्यानं आधी इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाला, "तू कोण? सरकारी माणूस का?"

मी म्हटलं, "मी सरकारी दिसतो का रे?"

"आजकाल सगळेच म्हातारे दिसतात. सरकारी पण." मग म्हणाला, "नाव काय तुझं?"

"रॉयस टीग. तुझं?"

"माझं कशाला? लग्न जमवायचंय?"

बाजूचे चार जण हसले. मीही हसलो, कारण सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. ती कशाला हवी असं त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, बापाची आठवण आहे, विकायला नको होती. माझ्या बापानं जन्मात रिव्हॉल्वर वापरली नाही. पण बापाचं नाव घेतलं की लोक मऊ होतात, डासही झाला. म्हणाला, ती त्यानं एका शिकारी कुत्रीच्या बदल्यात होलिस ब्रेला दिली, आणि कुत्री पहिल्याच पावसाळी रात्री पळून गेली. "तो तुला भेटला तर सांग, डास अजून शिव्या देतोय."

होलिस ब्रे म्हणजे तो हरणांच्या मुंडक्यांत पेंढा भरून देणारा. तू शाळेत असताना त्याच्या दुकानासमोरून जायला घाबरायचीस.

तुझा बाप


२८ ऑक्टोबर

जॅनेल,

होलिसकडे जाऊन आलो. तो आता जाड झालाय आणि कानानं कमी ऐकतो. त्याच्यासमोर अर्धवट हरीण होतं, एक डोळा बसवलेला, दुसरा बशीत. बापाच्या आठवणीची गोष्ट त्यालाही सांगताना मी त्या बशीकडेच बघत होतो.

"कुत्रीच्या बदल्यात आलेली? अक्रोडाची मूठ?" तो म्हणाला. "आली होती. गेली पण. शाळेची बस चालवते ना ती नदीन क्रूस, तिला दिली. नवरा सोडून गेला तेव्हा तिला घरात काहीतरी हवं होतं."

मी म्हटलं, नक्की तीच?

"रॉयस, मी काय दुकान चालवतो का हिशेब ठेवायला? येतात, जातात. पण तिला दिलेली मला चांगली आठवते, कारण ती बाई माझ्याकडे कागद मागायला लागली." आणि तो एवढा हसला की हरणाच्या मानेवरचा हात हलला. "म्हणे विकल्याचं लिहून द्या, तुमचं नाव, माझं नाव, नंबर. मी म्हटलं, बाई, लग्नाचा दाखला पण देऊ का? तर रागावली. शेवटी तिनं स्वतःच लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी सही केली नाही."

तो हसत होता आणि मला हसू येईना. तू मला विचारलं होतंस, "ज्याच्या हातात दिलीत त्याला सांगितलं का काय झालंय ते?" तेव्हा मी म्हटलं होतं, लोखंडाला काय कळतंय. आता घरी येताना मला वाटत राहिलं की एक बाई सहा वर्षांतली कितीतरी वर्षं ती उशापाशी घेऊन झोपतेय, आणि तिला बिचारीला काही माहीत नाही. घराकडच्या वळणावर न वळता सरळच गेलो, दोनदा.

तू म्हणशील, अखेर पटलं. पटलं नाही. कागद केला असता तरी डासानं तो पुढं थोडाच केला असता. पण मला झोप नीट लागत नाही, हे मी कबूल करतो.

तुझा बाप


५ नोव्हेंबर

जॅनेल,

नदीन क्रूस दार उघडत नाही. तीन वेळा गेलो. दिवा आहे, बस अंगणात उभी आहे, पडदा हलतो. तिसऱ्या वेळी आतून म्हणाली, "मी काही विकत घेत नाही." मी म्हटलं, मी विकायला नाही, घ्यायला आलोय. ते ऐकून तिनं आणखी एक कडी लावली.

घरात मला बसवत नाही. व्हर्नाच्या कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवतो आणि परत आत टाकतो. कोठाराचं दार दुरुस्त केलं, ते मोडलेलं नव्हतं. मक्याचा पाव करायला घेतला तर मीठ दोनदा घातलं. सगळी गावातली माणसं हरणांच्या शिकारीच्या मोसमाची तयारी करतायत, दुकानात दुसरा विषय नाही. कुणी विचारलं, रॉयस, यंदा जाणार का, की मी काहीतरी बोलून निघतो. मी सहा वर्षं गेलो नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी विचारतात, चांगुलपणानं.

आज जॅनेल, तुला एक सांगतो, ते तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी डासानं रिव्हॉल्वर खिशात टाकली आणि वळला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्याच्या गाडीचा नंबर दिसू नये म्हणून. नाव कळलं असतं तर ती कुठल्या रस्त्यावर, कुठल्या घरात आहे हे मला मरेपर्यंत ठाऊक राहिलं असतं. ती कुठंच असू नये असं मला वाटत होतं. मोडायला घेतली असती तर आधी हातात धरावी लागली असती. सरकार आणि चोर आणि माझा बाप, हे सगळं मी तुला नंतर सांगितलं. तेही मला पटतंच, पण त्या दिवशी कारण ते नव्हतं.

शनिवारी परत जाईन. त्या बाईला शाळा नसते.


९ नोव्हेंबर

जॅनेल,

मिळाली.

सगळं सांगतो. सकाळी गेलो, दाराशी न जाता तिच्या बसच्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे मी पूर्ण दिसेन. टोपी काढून हातात धरली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पन्नाशीची असेल, उंच, केस पुरुषासारखे कापलेले. म्हणाली, "तुम्हाला इथून हाकलायला मी कुणाला तरी बोलवू शकते, मिस्टर टीग. तुमचं नाव मी विचारून घेतलंय."

मी बापाच्या आठवणीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. म्हणाली, "होलिसनं सांगितलं ते. तुमच्या वडिलांना माझे आजोबा ओळखत होते. ते लांब नळीच्या बंदुकीशिवाय काही हातात धरत नसत, असं आजोबा म्हणायचे. आता खरं सांगा."

मग मी सांगितलं. बसला टेकून, टोपी हातात घेऊन. गॅरेटचं सांगितलं, तू आणलीस ते, मी विकली ते. मला वाटलं ती आता म्हणेल, वाईट झालं, देव बघतो, जे सगळे म्हणतात.

ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं असतं तर मी ती एक दिवस घरात ठेवली नसती." आणि मग, "तुम्हाला एवढंच करायचं होतं. सांगायचं होतं. तेवढ्यासाठी कुणी तुम्हाला तुरुंगात टाकत नव्हतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती आत जाऊन घेऊन आली, स्वयंपाकाच्या टॉवेलात गुंडाळून, आणि गोळ्या वेगळ्या, जॅमच्या बाटलीत. बरोबर तिचा तो कागद. म्हणाली, "नंबर जुळवून बघा." मी म्हटलं, "कागद राहू द्या. मी हातानं ओळखतो." टॉवेल उघडला. अक्रोडाची मूठ, डाव्या बाजूला टवका. जॅनेल, मी तिच्या पायरीवर बसलो. तिनं पाणी आणून दिलं आणि पैसे घ्यायला नकार दिला.

आता ती कोठारात आहे, बंद पेटीत. पुढच्या आठवड्यात कापतो. तू ये. मला आणखी काही सुचत नाही लिहायला. टेसला घेऊन ये.

तुझा बाप


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जॅनेल,

हे पत्र पोस्टानं तुला वेळेत मिळणार नाही, म्हणून उद्या तू अंगणात उतरलीस की मी ते तुझ्या हातात देईन. तोंडानं मला सांगता येणार नाही. घरात शिरायच्या आधी वाच, कोटही काढू नकोस.

बुधवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, आम्ही शनिवारी दुपारपर्यंत पोचतो." मग फोन टेसकडे दिलास आणि ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे कुत्रा आहे का?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग काय आहे?" फोन ठेवल्यावर मी सगळं घर धुतलं. तुझ्या खोलीतल्या चादरी बदलल्या. दुकानातून तीन प्रकारचे बिस्किटांचे पुडे आणले, कारण लहान मुलांना काय आवडतं हे मी विसरलोय.

आज सकाळी ती कापायला घेतली. कोठारात शिकंज्यात धरली, लोखंड कापायचा ग्राइंडर लावला. मग वाटलं, नंबर अख्खा राहील असं कापावं, म्हणजे तो तुकडा तुला देता येईल आणि तुझ्या नावाची ती पावती तू त्याच्याबरोबर फेकून देशील. म्हणून फ्रिजवरचं तुझं कार्ड आणलं, चष्मा लावला, आणि मुठीचा तळ पुसला.

शेवटचे दोन आकडे जुळत नाहीत.

मी तीनदा पुसलं. उजेडात नेऊन बघितलं. बाकी सगळे जुळतात, त्याच कंपनीची, बहुतेक त्याच वर्षाची. टवका त्याच जागी आहे, पण नीट बघितलं तर जरा खाली आहे. गॅरेटनं पाडलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलानं पाडला असेल.

होलिसला फोन केला. बराच वेळ मला ओरडावं लागलं. शेवटी म्हणाला, "हां, त्या साली तसल्या दोन होत्या माझ्याकडे. डासाची कुठली आणि दुसरी कुठली, कोण जाणे." दुसरी कुणाला दिलीस? "हायवेवर एक जण थांबला होता, हरणाचं मुंडकं बघायला. बाहेरच्या राज्याचा. चांगला माणूस होता." नाव? तो हसला नाही या वेळी. म्हणाला, "रॉयस, तुला माहितीय मी विचारत नाही."

नदीन क्रूसलाही फोन करून सांगितलं, तुमची तुम्हाला परत आणून देतो, ही गॅरेटची नव्हे. ती म्हणाली, "नको. ती तुमच्या मुलाची नाही म्हणता, पण मग कुणाची आहे? हे तुम्हाला तरी माहीत आहे का, मला तरी?" आणि म्हणाली, "मी तुम्हाला कागद देत होते, मिस्टर टीग." देत होती. माझ्या नाकासमोर धरला होता.

जॅनेल, ग्राइंडर चालू होता. मी दोन तास तिथं बसलो. कार्ड परत फ्रिजवर लावलं असतं आणि हिचा भुगा केला असता तर तुला कधी कळलं नसतं. होलिस विसरला असता, नदीन बोलत नाही, बाकी लेखी काहीच नाही. तू घरात आली असतीस, टेस तुझ्या खोलीत झोपली असती, आणि तू म्हणाली असतीस, बाबा, बरं केलंत. मला ते एवढं हवं होतं की मी कापायला घेतलीही. नळीच्या टोकाला खाच पडली आहे, ती तू बघशील.

पण गॅरेटची अजून बाहेर आहे. कुणाच्या तरी उशापाशी, कपाटात, गाडीत. त्याच्या घरात कुणी असेल, गॅरेटच्या वयाचं. आणि तिच्यावरचा शेवटचा कागद तुझ्या सहीचा आहे, माझ्या नाही. सहा वर्षं तू ते घेऊन फिरतेयस आणि मी तुला म्हणत होतो लोखंडाला काय कळतंय. तुला खोटं सांगून घरात घेतलं असतं तर मी तुझ्या बाबतीत दुसऱ्यांदा तेच केलं असतं.

सोमवारी मी होलिसच्या दुकानात जाऊन बसणार आहे. त्याला त्या माणसाचं काही ना काही आठवेल, गाडी, कुत्रा, बोलण्याची ढब. बाहेरचं राज्य कुठलं हे तरी आठवेल. तिथून पुढं कसं जायचं ते मला ठाऊक नाही, पण घरी बसून मी वेडा होईन.

उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय. तू हे वाचत असशील तेव्हा डोंगराकडून बंदुकांचे आवाज येत असतील, टेसला सांगून ठेव, म्हणजे ती दचकणार नाही. तिला गाडीतच राहू दे, हीटर चालू ठेव आणि हे सगळं वाच. मी पायरीवर असेन, जवळ येणार नाही. आणि परत जायचं ठरवलंस तर गाडी कोठाराच्या बाजूनं वळव. समोर चिखल आहे, चाक रुतेल.

तुझा बाप